कार्डाखालचं हिरवं पाकीट

"ढाल वर! दादा, ढाल वर धरा! अहो, पुतळ्यासारखे उभे काय राहिलात?"

हेडफोनमधून बी-श्या कानठळ्या बसवत होती आणि के थ्येन-शुई काळ्याठिक्कर स्क्रीनसमोर माऊस धरून बसला होता. शेजारच्या कॉम्प्युटर कॅबिनेटमधले पंखे एकाएकी घोंघावू लागले होते. आवाज सगळे येत होते. तिकडे किल्ल्याच्या दारात तलवारी खणखणत होत्या, कोणीतरी धपकन पडलं. बहुधा तोच. दिसत मात्र काहीच नव्हतं.

"मेलो," तो म्हणाला.

"ते दिसलं मला! का मेलात ते सांगा!"

"स्क्रीन गेली गं. परत."

बी-श्यानं अशी एक शिवी हासडली की टीममधल्या बाकीच्या तिघांनी आपापले माईक बंद केले.

आणि तिनं शिव्या का देऊ नयेत? दुपारी जेवणं झाली की अंतिम सामना होता. तैवानातल्या ज्याई शहरातल्या साठी उलटलेल्या पाच जणांची ही टीम, सगळे आपापल्या घरून खेळणारे. समोर थायनान शहरातले म्हातारे. त्यांच्या कप्तानानं परवाच निरोप धाडला होता, "ज्याईकरांनी आपापले गुडघे सांभाळावेत, बाकीचं आम्ही बघून घेऊ." पाचातला एक जरी कमी पडला तरी सामना सोडायचा, असा नियम. आणि ऐन वेळी ढालवाल्याच्या कॉम्प्युटरला माशी शिंकली!

ढालवाला म्हणजे थ्येन-शुई. ढालवाल्यानं सगळ्यांच्या पुढे उभं राहायचं, मार खायचा आणि जागचं हलायचं नाही. जन्मभर शहराची बस चालवलेल्या माणसाला हे काम शिकवावं लागलं नाही. पण खरी गोष्ट निराळी होती. बायको गेल्यापासून त्याला दिवसाकाठी नावानं हाक मारणारी माणसं उरली होती ती या हेडफोनमधलीच. सामना हुकला तर ती माणसं काही त्याला टाकणार नव्हती. पण त्याला तोंड दाखवायची लाज वाटली असती, आणि मग त्यानंच हेडफोन लावायचं सोडलं असतं. स्वतःला तो चांगला ओळखून होता.

"केबल काढून परत लावा," बी-श्यानं सुरुवात केली. "पण ग्राफिक्स कार्डाला लावा हां, मदरबोर्डला नको. मागल्या वेळी अख्खा आठवडा कार्ड झोपा काढत होतं आणि तुम्ही म्हणत होतात, गेम हळू चालतो!"

"कार्डालाच आहे."

स्क्रीन उजळली. दोन मिनिटांत पुन्हा काळी. मग कार्डाचं सॉफ्टवेअर काढून नव्यानं टाकलं. चित्रांचा दर्जा इतका खाली आणला की किल्ला साबणाच्या वड्यांचा दिसू लागला. पुन्हा काळी. त्यानं खिडकी उघडली, टेबलफॅन आणून कॅबिनेटकडे तोंड करून ठेवला. तरी घोडं पेंड खातच होतं.

"झालं. आता उघडा तो डबा," बी-श्या म्हणाली.

"उघडायची काय गरज? आत काही नाही."

"आत काही नाही? मग चालतोय कशावर, तुमच्या पुण्याईवर?"

"उघडायचा नाही," थ्येन-शुई म्हणाला.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "तुम्ही हलू नका. मी येतेय."

बी-श्यानं वीस वर्षं नेट कॅफे चालवला होता. शाळा बुडवून आलेल्या पोरांना तिनं कान धरून घरी पाठवलं होतं, आणि बिघडलेल्या कॉम्प्युटरांशीही ती तशीच वागे. ती स्कूटरवरून आली ती हेल्मेट न काढताच घरात शिरली. एका हातात टर्कीचं मांस घातलेल्या भाताचे डबे, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीतून तिनं एक जाड केबल, एक खोडरबर आणि नारळाच्या चवीच्या कुरकुऱ्यांचं टम्म फुगलेलं हिरवं पाकीट काढलं.

पाकीट कशाला, हे त्यानं विचारलं नाही. ज्याईत काय नि अख्ख्या तैवानात काय, ज्या मशीननं रुसू नये असं वाटतं तिच्यापाशी हे पाकीट ठेवतात; ह्या कुरकुऱ्यांच्या नावाचाच अर्थ, शहाण्यासारखं वाग. बँकेत असतं, इस्पितळात असतं. हिरवंच हवं आणि तारीख उलटलेलं नको, नाहीतर मशीन जास्तच डोक्यावर बसते.

"तुमचं कुठाय?" तिनं इकडेतिकडे पाहिलं. "एवढं महागडं कार्ड आणि पाकीट नाही?"

"आहे कुठेतरी."

तिनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. केबल बदलली. गेम लावला. काळी. मग ती कॅबिनेटच्या मागे वाकली आणि कार्डात खोचलेलं केबलचं टोक बोटानं हळूच वर उचललं. स्क्रीन झपकन उजळली! बोट काढलं, काळी. उचललं, किल्ला हजर!

"सापडला चोर!" बी-श्या नाचायचीच बाकी राहिली. "कार्ड लोंबतंय, दादा! वजनानं खाली आलंय, खोबणीत धड बसत नाहीये. पाच मिनिटांचं काम आहे. आणा स्क्रू ड्रायव्हर!"

थ्येन-शुई उठला आणि कॅबिनेटच्या पुढ्यात उभा राहिला. अगदी किल्ल्याच्या दारात उभा राहावा तसा.

"नको."

"अहो, नको काय? सामना तोंडावर आलाय!"

"तू बोट लावून बस ना. मी खेळतो."

"मी बोट लावून बसू? आणि माझी धनुर्धर काय तुमचा टेबलफॅन खेळणार?" तिनं हेल्मेट काढून सोफ्यावर आपटलं. "हे बघा, ताकाला जाऊन भांडं लपवू नका. काय आहे त्या डब्यात?"

तो म्हणाला, "पाकीट आहे. युए-ग्वेईनं ठेवलेलं."

बी-श्या खाली बसली.

मग त्यानं सांगितलं. कार्ड आणलं तेव्हा त्याची बायको युए-ग्वेई शेजारी शिलाईला बसली होती. पँट आखूड करणं, चेन बदलणं, आयुष्यभर तेच काम, त्यामुळे नजर टेप लावल्यासारखी. कार्ड बसवल्याबरोबर म्हणाली, "अहो, हे एका बाजूला कललंय." तो म्हणाला, तुला काय कळतंय. ती उठली, हिरवं पाकीट आणलं आणि कार्डाखाली उशीसारखं कोंबलं. म्हणाली, "राहू दे आतच. टेकूही होईल आणि लक्षही ठेवील." त्यानंतरच्या हिवाळ्यात ती गेली. तेव्हापासून त्यानं कॅबिनेट उघडलं नव्हतं. धूळ पुसायची तीसुद्धा बाहेरून.

"तिच्या हातचं सगळं मी वापरून संपवलं," थ्येन-शुई म्हणाला. "लोणचं संपलं. शिवलेली उशी फाटली. ते एवढंच राहिलंय, तिनं ठेवलं तिथंच."

बी-श्यानं नाक ओढलं. तिला रडू आलं की तिचा आवाज चढायचा. "मग वहिनीनं ते कशाला ठेवलं होतं, सांगा की! बघत बसायला? मशीन चालावी म्हणून ठेवलं ना? ती असती तर आत्ता तुमच्या पाठीत लाटणं घातलं असतं!"

"कात्री फेकून मारायची," तो म्हणाला आणि त्याला हसू फुटलं. हसता हसता डोळे भरून आले, ते त्यानं बाहीला पुसले. "सरक. मी उघडतो."

झाकण निघालं. धुळीच्या गोधडीत ते पाकीट होतं, पण टम्म नव्हतं. कधीतरी कुठून तरी हवा निघून गेली होती आणि ते चपटं होऊन पडलं होतं. वर कार्ड आधाराविना लोंबत होतं. बिचाऱ्या पाकिटानं जमेल तितके दिवस तोलून धरलं होतं. थ्येन-शुईनं ते दोन्ही हातांनी बाहेर काढलं, फुंकर मारली आणि शिलाई मशीनवर ठेवलं.

मग दोघांना चेव आला. बी-श्यानं कार्ड खोबणीतून काढलं आणि कार्डाच्या कडेच्या सोनेरी दातांवरून खोडरबर घासू लागली. "कॅफेत निम्मे आजार मी ह्यानंच बरे केलेत!" तो ब्रशनं धूळ झाडत होता, शिंकत होता, पुन्हा झाडत होता. कार्ड परत बसलं, खटका वाजला, स्क्रू आवळले.

"आता टेकू," बी-श्या म्हणाली. "नवं पाकीट आत नको हां! आत तापतं. ते बाहेरच बरं. काहीतरी टणक द्या, वीतभर नको, बोटभर."

त्यानं युए-ग्वेईचा शिलाईचा डबा उघडला. रिळं रांगेनं लावलेली होती, तिनं लावली होती तशीच. त्यानं गडद निळं उचललं. त्याच्या बसच्या गणवेशाची प्रत्येक पँट ह्याच दोऱ्यानं आखूड झाली होती. रीळ कार्डाखाली सरकवलं. जणू मापानं केलेलं. दोरा पंख्यात जाऊ नये म्हणून बी-श्यानं त्याचं टोक चिकटपट्टीनं पक्कं केलं.

बटण दाबलं. स्क्रीन उजळली. बी-श्यानं कॅबिनेट हलवलं, केबल हलवली, टेबलाला लाथही मारून पाहिली.

"बघा! कशी शहाण्यासारखी बसलीय!" तिनं नवं पाकीट कॅबिनेटशेजारी ठेवलं, एका डब्यातला भात चार घासांत संपवला आणि हेल्मेट चढवलं. "मी पळते! ढाल वर ठेवा!"

सामना काय रंगला! थायनानचे म्हातारे दिसायला म्हातारे, खेळायला राक्षस. पहिला डाव त्यांनी नेला. दुसरा बी-श्याच्या बाणांनी ओढून आणला. तिसऱ्यात ज्याईचे तिघे पडले आणि किल्ल्याच्या दारात थ्येन-शुई एकटा उरला, समोर पाच जण. "हलू नका दादा! फक्त हलू नका!" घाव बसत होते, आगीचे लोळ अंगावर येत होते, पंखे घोंघावत होते. पण स्क्रीन हलली नाही आणि तोही हलला नाही. बी-श्या बुरुजावर चढली, बाण सुटले, एक, अजून एक! थायनानचा कप्तान पडला, कप्तान पडला की डाव संपला, आणि हेडफोनमध्ये असा काही कल्ला उसळला की थ्येन-शुई खुर्चीतून उठून दोन्ही हात वर करून ओरडला, "जिंकलो! युए-ग्वेई, जिंकलो गं!"



"वहिनीलाही सांगा, तिचं रीळ टिकलं," बी-श्या म्हणाली. "उद्या सकाळी सराव. यायचं हां, दादा."

"येतो," तो म्हणाला.

हेडफोन काढल्यावर त्याला भुकेची आठवण झाली. भात गार झाला होता, तरी त्यानं तो चवीनं खाल्ला. मग शिलाई मशीनवरचं जुनं पाकीट घेतलं आणि तिच्या कात्रीनं कापलं. कुरकुरे मऊ पडले होते. नारळाचा वास मात्र होता. एक तोंडात टाकून त्यानं सावकाश खाल्ला. बाकीचे बशीत काढून तिच्या फोटोपुढे ठेवले.

रिकामं पाकीट त्यानं तळहातानं सपाट केलं. घरात येणारी एकेक पिशवी युए-ग्वेई छोट्या त्रिकोणाच्या घडीत दुमडून ठेवायची. त्याला ती घडी कधी जमली नव्हती. आज तिसऱ्या खेपेला जमली. तो हिरवा त्रिकोण घेऊन तो शिलाईच्या डब्यापाशी गेला आणि रिळांच्या रांगेत जिथं निळं रीळ होतं, त्या रिकाम्या जागी त्यानं तो नीट बसवला.