परसातल्या खोलीचा रंग

“आजोबा, जगात लाल सोडून दुसरा रंग असतो, हे तुम्हाला माहीत आहे का?”

हा प्रश्न माझा नव्हे. हेल्का आणि ऊना या माझ्या मैत्रिणींनी पैज लावली होती की मी तो विचारूच शकणार नाही. पण मी आता पंधरा वर्षांची आहे आणि मी काहीही विचारू शकते.

आजोबा अंगणात चुलीवरच्या कढईत रंग ढवळत होते. “असतो की,” ते म्हणाले. “पांढरा. खिडकीच्या चौकटीला.”

झालं. चर्चा संपली.

चर्चा होती परसातल्या नव्या खोलीची. बाबा प्लायवुडच्या कारखान्यात कामाला आहेत, त्यामुळे खोलीला चारही बाजूंनी प्लायवुडच. ती मला मिळणार होती, पण ऑगस्टमध्ये शाळा उघडायच्या आत बाहेरून रंगवून झाली तरच. नाहीतर शरदातल्या पावसात प्लाय फुगणार, त्यापेक्षा तिथे सरपण भरलेलं बरं, असं आईचं मत. म्हणजे मी पुन्हा धाकटी बहीण आणि तिच्या दोन उंदरांसोबत एका खोलीत.

बाबांना पारदर्शक वॉर्निश हवं होतं. “इतकं देखणं प्लायवुड झाकायचं कशाला?” आजोबा, म्हणजे त्यांचे सासरे, म्हणाले, “लाल.” बाबा सासऱ्यांशी वाद घालत नाहीत, तळ्यावर मासे धरायला जातात. ते गेले.

थंड उत्तरेकडच्या आमच्या गावात गोठा, कोठार, संडास, सगळं लाल. लाल माती, हिराकस नावाचा लोखंडाचा क्षार आणि राय धान्याचं पीठ पाण्यात घालून तासन् तास शिजवायचं, की झाला हा रंग. आई म्हणते, आजोबांना लापशी कधी जमली नाही, रंग मात्र फार छान जमतो.

खोली लाल झाली. माझी झाली म्हणून मी गप्प बसले.

रविवारी चर्चमध्ये हेल्का, ऊना आणि माझा दीक्षाविधी झाला, पंधराव्या वर्षी इथे सगळ्यांचा होतो तसा. आम्ही तिघी विधीच्या पांढऱ्या झग्यांतच घरी आलो आणि नव्या भिंतीला टेकून फोटोला उभ्या राहिलो. आईने अकरा फोटो काढले. मग हेल्का कॉफी घ्यायला वळली.

“हेल्के, थांब,” ऊना म्हणाली. “तुझ्या पाठीला अख्खं लाल कोठार लागलंय.”

“आणि तुझ्या गं?”

“मला कसं दिसणार? पण असणारच.”

झगे चर्चचे होते. आई साबण आणायला गेली.

आजोबांनी भिंतीवरून बोट फिरवलं, मग बोटाकडे बघत राहिले. “साठ वर्षांत असं झालं नाही.”

“साठ वर्षं तुम्ही करवतीच्या खरखरीत फळ्या रंगवल्यात, आजोबा,” मी म्हणाले. “हा प्लाय कारखान्यात घासून गुळगुळीत केलेला आहे. तुमच्या रंगाने धरायचं तरी काय?”

“मग वरून फळ्या ठोकू.”

“प्लायवुडवर?” बाबा म्हणाले. सासऱ्यांसमोर त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. त्यानंतर ते दोघेही तळ्यावर गेले, वेगवेगळ्या होड्यांतून.

शाळेला बारा दिवस उरले होते. सोमवारी मी सायकलने रंगाच्या दुकानात गेले. तिथल्या बाईंनी एकच प्रश्न विचारला, “कडा बंद केल्यात का?” प्लाय पाणी पितो तो कडांतून, म्हणून त्यांवर आधी जाड तेलरंग चोपडायचा, म्हणे. आमच्या घरात तीन मोठी माणसं आणि खोलीबद्दल तीन मतं, पण कडांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. वॉर्निशबद्दल विचारलं तर म्हणाल्या, “दोन उन्हाळ्यांत पापडासारखं सुटेल. गुळगुळीत प्लायला तेलरंगच धरतो.”

संध्याकाळी जेवताना मी उभी राहिले. बटाटे अजून गरम होते.

“आई, बाबा, माझं ठरलंय. लाल रंग मी तारेच्या ब्रशने खरवडून काढणार आहे. मग कडा बंद करणार, आणि वर तेलाच्या गडद तपकिरी रंगाचे दोन हात देणार. वॉर्निश नाही, फळ्याही नाहीत. आजोबांना सांगून आलेय. ते म्हणाले, जळक्या लाकडासारखी दिसेल. दिसू दे. शुक्रवारी मी तिथे झोपायला जाणार, रंग ओला असला तरी.”