रक्तपाल्याचा चहा

"तुम्ही व्हा पुढं. मी येत नाही," वेल्टा दारातूनच म्हणाली.

अंगणात आम्ही अकरा जणी टोपल्या घेऊन उभ्या होतो. जूनची तेवीस तारीख, पाल्याचा दिवस. दुपारी बाराच्या आत जे तोडाल ते वर्षभर गुणाचं, बारानंतर तोडाल ते नुसतं गवत, असं आमच्याकडं मानतात. तीस वर्षं आम्ही या दिवशी वेल्टाच्या मागून कुरणात जात आलो. कुठल्या उतारावर काय फुललंय ते तिला घरात बसून कळायचं. ती प्रत्येक रोपापुढं वाकायची, मारा-आईची, म्हणजे आमच्या धरणीमातेची, परवानगी घ्यायची आणि मगच कात्री लावायची. आम्ही मागून हसायचो, पण कात्री तिच्याआधी कुणी लावत नसे.

"येत नाही म्हणजे? पाय दुखतोय का?" पोस्टातल्या आउस्ट्रानं विचारलं.

"पाय धडधाकट आहेत," वेल्टा म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.

झालं! सगळ्या जणी वळून माझ्याकडं बघायला लागल्या.

"माझ्याकडं काय बघता? मी काय चेटूक केलंय तिच्यावर?" मी खेकसले.

 सांगायची गरजच नव्हती. केलं होतं ते मीच केलं होतं, आणि गावात ते सगळ्यांना ठाऊक होतं.

मी बिरुटा. गावच्या दवाखान्यात चाळीस वर्षं नर्स आहे. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात, बाकीचे दिवस मीच. वेल्टाचं आणि माझं भांडणही चाळीस वर्षांचं. मी गोळी द्यायची आणि तिनं चहा. खोकल्याला लिंडनचा मोहोर, पोटाला कॅमोमाइल, तापाला रास्पबेरीच्या काड्या. लोक शहाणे, ते दोन्ही घ्यायचे आणि बरं वाटलं की श्रेय वेल्टाला द्यायचे. मलाही खोकला झाला की मी तिच्याकडंच जायची. खोटं कशाला बोलू?

तिची मुलगी रास्मा. बालवाडीत मुलांना गाणी शिकवायची. तिशीतच तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. तेव्हा बापानं, विल्निसनं, स्वतःची एक दिली. सहा वर्षं झाली त्याला. "भाड्यानं दिलीय हं पोरी, नीट वापर," असं तो चारचौघांत म्हणायचा आणि रास्मा लाजायची. किडनी मस्त चालली. दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात विल्निस लाकडं फोडता फोडता खाली बसला, तो उठलाच नाही.

रास्मानं हाय खाल्ली. काम सोडलं, शहरातली खोली सोडली, आईकडं येऊन भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. बदललेली किडनी पोटात खाली, पुढच्या बाजूला बसवतात. हात ठेवला की लागते. वेल्टा रोज सकाळी मुलीच्या पोटावर हात ठेवून "उठलास का रे?" असं नवऱ्याला विचारायची. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. बाहेर येऊन रडलेय.

मग वेल्टानं तिला रक्तपाला सुरू केला. फूल पिवळंधमक, पण चुरगळलं की बोटं लाल होतात, म्हणून हे नाव. मन काळवंडलं की आमच्याकडं तोच देतात. दिवसातून तीनदा, मोठा कप भरून. महिना-दीड महिन्यात रास्मा उठून बसली. नाताळात तर तिनं आमच्यासमोर गाणं म्हटलं. मी त्याच टेबलाशी बसले होते. समोर किटली होती. "वेल्टे, तुझ्या हाताला गुण आहे बाई!" असं मी म्हणाले. या माझ्या तोंडानं, नर्सच्या तोंडानं, म्हणाले.

पुढं वर्षभरानं रास्माच्या पायांवर सूज आली. रीगाला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दुसरं कुठलं औषध घेता?" रास्मा म्हणाली, नाही. ती खोटं बोलली नाही हो! आमच्याकडं चहा हे औषध नसतंच. आईनं कुरणातून आणलेला पाला तो, त्याला कोण औषध म्हणेल? डॉक्टरीणबाईंनी गोळ्या वाढवल्या. "गोळ्या चुकवता का?" असं चार-चारदा विचारलं. रास्मा घरी येऊन रडली. आईनं डोळे पुसले आणि चहा दिला.

बापाची किडनी मुलीच्या शरीरानं परकी म्हणून फेकून देऊ नये, यासाठी त्या गोळ्या असतात. आणि रक्तपाला त्या गोळ्यांचा असर खाऊन टाकतो. हे कळलं ते फेब्रुवारीत, वॉर्डातल्या एका आयाबाईनं सहज विचारलं तेव्हा, "पोरी, सकाळी उठून काय पितेस गं?" बैल गेला नि झोपा केला. किडनी संपली होती.

रास्मानं मला फोन केला. "मावशी, आईला सांगायचं नाही. तुला बाबांची शपथ."

मी दोन महिने तोंड शिवून बसले. पण एप्रिलमध्ये, झोके बांधतात त्या सणाला, रास्मा घरी आली होती. आता ती रीगातच राहून आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त धुऊन घेत होती, तोंडावर रंग नव्हता. आणि वेल्टा तिच्यावर तुटून पडली. "गोळ्या चुकवल्यास ना? खरं सांग! बापानं पोट फाडून दिली, तुला एवढीही सांभाळता आली नाही? परत मारलंस माझ्या माणसाला!" रास्मा मान खाली घालून ऐकत राहिली.  मला ते बघवेना. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"तिनं नाही, तू! तुझ्या चहानं गेली ती!"

वेल्टा तडक वळली. माळ्यावर चढली आणि वाळवलेल्या पाल्याच्या जुड्या खाली फेकायला लागली. सगळा पाला तिनं शेणखताच्या खड्ड्यात नेऊन टाकला. रास्मा मला म्हणाली, "शपथ घातली होती ना मी? आता मला फोन करू नकोस." त्या दिवसापासून मायलेकींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. रास्मानं फोन केला की वेल्टा उचलून नुसती ऐकायची आणि ठेवून द्यायची. "मी तिच्यासमोर कुठल्या तोंडानं जाऊ?" असं मला म्हणायची. रोज. आणि मी रोज जायची, कारण तिला अशी करून ठेवणारी मीच.

तर त्या सकाळी बायका कुरणात निघून गेल्या आणि मी वेल्टाच्या पायरीवर बसून राहिले. आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता. घासलेलीच ती परत घासत असावी.

अकराच्या बसनं रास्मा उतरली. मी उभीच राहिले. ती रस्त्याच्या कडेनं येत होती, मध्येच थांबत होती, वाकत होती. जवळ आली तेव्हा हातात मातीनं भरलेला रक्तपाल्याचा जुडगा होता.

"बाराच्या आत तोडलाय," ती म्हणाली. दोन महिन्यांनी माझ्याशी बोललेले पहिले शब्द हे.

"रास्मा, अगं, माझं चुकलं..."

"चुकलंच. पण आता आत चल. एकटीनं जायची छाती होत नाहीये माझी."

आम्ही आत गेलो. वेल्टा ओट्याशी पाठमोरी होती. वळली आणि मुलीला बघून ओट्याला टेकली.  मग तिची नजर जुडग्यावर गेली.

"मुळासकट?" ती म्हणाली. "मुळासकट उपटतात का गं? पुढच्या वर्षी काय यायचं तिथं? कात्री नव्हती?"

"पर्समध्ये कात्री घेऊन फिरते का मी?"

"मग नखानं खुडायचं! किती वेळा शिकवलंय!"

आणि मग आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं. हात एप्रनमध्ये लपवून ती भिंतीकडं सरकली.

रास्मानं जुडगा टेबलावर ठेवला. "चहा कर, आई."

"नाही."

"बसमधून थकून आलेय मी."

"माझ्या हातचं काही पिऊ नकोस गं पोरी. तुझ्या पाया पडते."

"विचारून आलेय डॉक्टरीणबाईंना. त्या गोळ्या बंद झाल्या माझ्या. गेल्या महिन्यातच. आता एवढ्यानं काही बिघडत नाही म्हणाल्या."

बिघडायला काही उरलंच नव्हतं. तिघींनाही ते कळत होतं. वेल्टा खुर्चीत बसली, बसली कसली, कोसळली. "मी मारलं त्याला. दुसऱ्यांदा मारलं. वर तुलाच बोलले. तुला असं बोलले, आणि तू ऐकून घेतलंस!"

मला वाटलं, आता रास्मा म्हणेल, नाही गं आई, तुझा काय दोष. तसं म्हणाली असती तर वेल्टानं विश्वास ठेवला नसता.

"हो, तुझ्या चहानंच गेली," रास्मा म्हणाली. "आणि त्यांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले, माझ्या त्या नाहीनंही गेली. राग येतो मला. दर वेळी सुई टोचतात तेव्हा येतो. बाबा गेले तेव्हा रडले नसेन इतकी किडनी गेली तेव्हा रडलेय. पण आई नको, असं मी कधी म्हटलं? तू फोन ठेवून देतेस. मी तिकडं चार-चार तास मशीनला बांधलेली असते आणि तू फोन ठेवून देतेस!"

 वेल्टा उठली. मुलीपाशी गेली, हात पुढं केला आणि सवयीनं तो खाली, पोटाकडं जायला लागला. मध्येच थांबला. रास्मानं तो धरला आणि आपल्या गालावर ठेवला.

मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

मग वेल्टानं पाला धुतला. फुलं खुडली, मुळं वेगळी करून ओल्या फडक्यात गुंडाळली. पाणी उकळलं, पाला घातला, झाकण ठेवलं. हे सगळं करताना तिचे ओठ हलत होते. परवानगी मागत होती, की माफी, ते मला ऐकू आलं नाही. तिनं छोटा कप काढला.

"मोठा घे," रास्मा म्हणाली.

"अगं, तुझं दिवसाचं पाणी..."

दिवसाला अर्धा लिटर. चहा, सूप, गोळीवरचा घोट, सगळं त्यातच; मोठा कप भरून प्यायला की दिवसाचं संपलं. जास्त झालं की ते छातीत साठतं. वेल्टाला ते ठाऊक होतं. मीच दवाखान्यातली बाटली आणून तिला खूण दाखवली होती.

"सकाळपासून तोंडात थेंब घेतलेला नाही मी," रास्मा म्हणाली. "हिशोब करूनच आलेय. भरून दे."

"मग उद्या सकाळपर्यंत..."

"मला माहितीये. भर."

वेल्टानं मोठा कप काठोकाठ भरला. रास्मा तो दोन्ही हातांत धरून हळूहळू प्यायली. मध्ये एकदा तोंड वाकडं करून म्हणाली, "कडूच केलायस."

"ताजा कडूच असतो. मध घाल."

"नको. असू दे."

तळाशी राहिलेला थेंबसुद्धा तिनं कप वर करून जिभेवर घेतला. मी नर्स. पेशंटला असं करू द्यायला नको होतं. पण गप्प बसायचं कधी ते मला उशिरा का होईना कळलं होतं.

संध्याकाळी टेकडीवर जाळ पेटला. आमच्याकडं या दिवसांत दहा वाजले तरी उजेड असतो. आउस्ट्रानं फुलांचे मुकुट वळून आणले होते. वेल्टाला तिनं काही न विचारता एक घातला आणि वेल्टानं घालून घेतला. गाणी सुरू झाली. "लीगो, लीगो" असं पालुपद म्हणत सगळं गाव झुलायला लागलं. शहाजिरं घातलेलं चीज फिरलं, काळा पाव फिरला. दिवस गरम होता, वर जाळाची धग, घसा नुसता कोरडा पडत होता. रास्मा आईला खेटून बसली होती आणि गात होती. दर दोन ओळींनंतर ओठांवरून जीभ फिरवत होती. तीही कोरडीच असणार.

बियरचं मडकं हातोहात आमच्या रांगेत आलं. बाहेरून नुसतं ओलं झालेलं, थंडगार. रास्मानं ते घेतलं, एक क्षण गालाला लावलं आणि आईकडं दिलं.

वेल्टानं दुपारपासून काय काय खाल्लं ते मी पाहत होते. पाव खाल्ला होता, खारट चीज खाल्लं होतं. पाण्याला शिवली नव्हती. मी दोनदा पेला भरून तिच्यापुढं ठेवला होता आणि दोन्ही वेळा तो तसाच राहिला होता. रास्माच्याही ते लक्षात आलं असावं. गाता गाता ती थांबली.

"आई, तू तरी घे."

"मला नाही तहान," वेल्टा म्हणाली आणि तिनं मडकं माझ्या हातात दिलं.