घड्याळजींचे निरोप

मास्तरांची धाव घरापासून दुकानापर्यंत. नाकासमोर जायचं, नाकासमोर परत यायचं. छत्तीस वर्षं ते एकाच शिंप्याकडे कटिंग मास्तर. टेबलावर कापड, हातात कैची, कानावर खडू. दुकानाला रस्त्याकडे मोठी खिडकी होती, पण मास्तरांची त्या खिडकीकडे कायम पाठ. तुमच्या शहरात बघण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं की ते म्हणत, "आमच्या हिला विचारा."

कारण शहर खरं बायकोचं होतं. त्या पाणीखात्यात मीटर वाचायच्या. काखेत वही, हातात झाकण उचलायची लोखंडी आकडी, आणि दिवसभर गल्लीबोळ. सगळे त्यांना मीटरबाईच म्हणत. "कोपऱ्यावरच्या वकिलाकडे पाहुणे आलेत, आणि आठवडा झाला तरी हलायचं नाव नाही," असं त्या जेवताना सांगत. नुसत्या आकड्यांवरून. आणि ते खरं निघे.

एवढ्या पायपिटीत त्यांनी टेकायच्या तीन जागा हेरून ठेवल्या होत्या. पाण्याच्या टाकीची टेकडी पहिली. तिथे मागच्या भिंतीला पाठ लावून डबा खायचा, कारण आतलं पाणी भिंतीतून गार लागतं. मग कालव्यावरचा पायी जायचा पूल. तिथे मधोमध नुसतं उभं राहायचं. आणि काम संपलं की घड्याळजींचं दुकान. दुकान कसलं, दोन इमारतींच्या मधली फटच ती. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून काम करत आणि मीटरबाई स्टुलावर बसून चपला काढत. फार बोलणं नसे. "शंभर घड्याळं, एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही, पण भांडण म्हणून नाही," त्या म्हणायच्या. "नाहीतर आपलं घर!"

मग मणक्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली, आणि जाताना पायांतला जीव घेऊन गेली. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मीटरबाईंचं शहर एका पलंगाएवढं झालं.

पहिले काही महिने त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. एका रविवारी अचानक म्हणाल्या, "अहो, जरा पुलावर जाऊन या. आणि घड्याळजींना भेटा. कसं आहे ते सांगा मला."

मास्तर गेले. परत येऊन म्हणाले, "पूल आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे जागेवर आहे."

मीटरबाईंनी कपाळाला हात लावला. "हजेरी घ्यायला पाठवलं होतं का तुम्हाला? पाणी किती होतं? कठड्याला रंग दिलाय का? कोण उभं होतं?"

पुढच्या रविवारी मास्तर डोळे उघडे ठेवून गेले. हळूहळू त्यांना जमायला लागलं. टेकडीवरच्या गवताचा रंग, पुलावर भांडणारं जोडपं, घड्याळजींच्या काउंटरवर नव्याने आलेलं लंबकाचं घड्याळ. सांगता सांगता ते हातवारेसुद्धा करू लागले. मीटरबाई डोळे मिटून ऐकायच्या, मध्येच चूक काढायच्या. "तिथे डावीकडे नाही, उजवीकडे वळतात." त्या रविवारांवर दोघांचे पुढचे सहा दिवस निघायचे.

एका रविवारी दुकानाचं शटर खाली होतं. समोरचा न्हावी म्हणाला, "घड्याळजी गेले हो. बुधवारी. झोपेतच."

मास्तर घरी आले तेव्हा शब्द अगदी ओठांवर होते. पण मीटरबाईंना पडून पडून पाठीला झालेल्या जखमेमुळे ताप चढला होता. त्यांनी विचारलं, "काय म्हणाले घड्याळजी?"

"तुझी आठवण काढत होते," मास्तर म्हणाले. "म्हणाले, मीटरबाईंशिवाय स्टूल ओकंबोकं वाटतं."

त्या तापातही बाईंचा चेहरा उजळला. ताप उतरला की सांगू, असं मास्तरांनी ठरवलं. ताप उतरला. पण तोवर दुसरा रविवार आला, दुसरा निरोप झाला. एक खोटं झाकायला दहा लागतात म्हणतात, मास्तरांना पन्नास लागली. घड्याळजींना त्यांनी चष्मा दिला. पुढे खोकला दिला. खोकल्याचं ऐकून मीटरबाईंनी उताण्या पडल्या पडल्या पंधरा दिवस खपून मफलर विणला. मास्तरांनी तो आपल्या शिंप्याच्या दुकानात नेऊन कागदी नमुन्यांच्या खणात तळाशी कोंबला. आणि घरी येऊन सांगितलं, "फार आवडला त्यांना. रंग शोभतो म्हणाले."

असं सव्वा वर्ष चाललं.

मग एका सकाळी दारात घड्याळजींची मुलगी उभी राहिली. मास्तर तेव्हा दूध तापवत होते. ती थेट आत पलंगापाशी गेली. "मावशी, तुमचं मनगटी घड्याळ आमच्याकडे राहिलं होतं. दुकान रिकामं करताना सापडलं. बाबांनी दुरुस्त करून ठेवलं होतं, चिठ्ठी लावून."

"अगं, मग त्यांनी यांच्याच हाती का नाही दिलं?" मीटरबाई म्हणाल्या. "दर रविवारी तर भेटतात. आणि रिकामं का करताय? खोकला वाढला की काय?"

मुलगी गोंधळून मास्तरांकडे बघायला लागली. मास्तरांच्या मागे दूध उतू गेलं.

"मावशी, बाबांना जाऊन सव्वा वर्ष झालं."

मुलगी गेल्यावर मीटरबाई दिवसभर ते घड्याळ मुठीत धरून होत्या. मास्तर दुकानात गेले नाहीत. संध्याकाळी त्या म्हणाल्या, "मफलर कुठाय?"

"दुकानातल्या खणात," मास्तर म्हणाले.

"तुझ्या जिवाला त्रास नको म्हणून..." मास्तरांनीच पुढे सुरुवात केली.

"माझ्या जिवाला?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, त्याचीच मास्तरांना जास्त भीती वाटली. "माझे पाय गेले, ते मला डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. मी मेले का? माणूस गेलं तर रडायला तरी मिळतं हो. तुम्ही तेही काढून घेतलंत. मेलेल्या माणसाला मी ऊब पाठवत बसले, आणि तुम्ही मला त्याची पोचपावती आणून देत होता."

कापड चुकीचं कापलं तर ते पुन्हा जोडता येत नाही, हे मास्तरांएवढं कुणाला ठाऊक असणार.

"मला तिथे न्या," मीटरबाई म्हणाल्या.

गॅसचा सिलिंडरवाला त्यांच्या ओळखीचा. रविवारी तो आणि मास्तर, दोघांनी त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवून तीन मजले खाली उतरवलं. "भरला सिलिंडर याहून जड असतो, बाई," तो म्हणाला. मीटरबाई हसल्या नाहीत. वाटेत पूल आला, त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

दुकानाच्या जागी एवढ्यातच मोबाईलची कव्हरं टांगली होती. न्हाव्याने ओळखलं, पाणी आणून दिलं. मीटरबाईंनी त्याला सगळं विचारून घेतलं. कुठला वार, किती वाजता, आदल्या दिवशी काय म्हणाले, खांदा कुणी दिला. मग पदर तोंडाशी धरून त्या भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत रडल्या. बराच वेळ. मास्तर खुर्चीची पाठ धरून उभे होते. खांद्यावर हात ठेवावा असं त्यांना वाटलं. ठेवला नाही.

त्यानंतर मीटरबाईंनी त्यांना कुठे पाठवलं नाही. मास्तर एकदा आपण होऊन म्हणाले, "टेकडीवर जाऊन येऊ का? खरं खरं सांगेन." त्या म्हणाल्या, "नको. आता तुम्ही खरं सांगितलंत तरी मी आतून तपासत बसेन." रागाने नव्हे, थकून म्हणाल्या. रविवारी दोघं घरातच बसू लागली. मास्तर भाजी निवडत, त्या छताकडे बघत.

पावसाळा सरता सरता त्यांची तब्येत ढासळली. एका दुपारी त्यांनीच विषय काढला. "अहो, माझ्या जागांवर तुम्ही वणवण केलीत. तुमची कुठली जागा? या एवढ्या शहरात?"

मास्तरांनी खूप विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं सापडत नव्हतं.

"जिना," शेवटी ते म्हणाले.

"कुठला जिना?"

"आपलाच. दुसऱ्या मजल्याच्या वर, वळणावर. तिथे पोचलो की तुझा आवाज येतो, 'आलात का?' म्हणून. मग मी तिथे जरा थांबतो. तू दुसऱ्यांदा विचारावंस म्हणून."

मीटरबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "मला वाटायचं, तुम्हाला दम लागतो," त्या म्हणाल्या. त्या रात्री किती तरी महिन्यांनी त्यांनी मास्तरांचा हात आपल्या हातात घेतला आणि झोप लागेपर्यंत सोडला नाही.

महिन्याभरात त्या गेल्या. दिवसकार्य उरकल्यावर घरमालक म्हणाला, तळमजल्यावरची एक खोली रिकामी होतेय, या वयात तीन जिने कशाला चढता? बाईंच्या आठवणींचं घर मास्तर सोडणार नाहीत, अशी सगळ्यांची खात्री होती.

मास्तरांनी त्याच आठवड्यात सामान खाली आणलं, जिन्याच्या त्या वळणावर एकदाही न थांबता.