खरखर गेल्यावर

माइकचा आवाज वाढवणारा जुना प्रीअँप मेला नुसता खरखरायचा, म्हणून आवाज फारच हळू पकडणाऱ्या माझ्या माइकला साजेसा नवा आणला. थंड कॉफी संपवून माझा नवरा स्तावरोस बगलामा, ते त्याचं छोटंसं तंतुवाद्य, छातीशी घट्ट धरून माइकसमोर बसला. मी हेडफोन लावून आवाज वाढवला. खरखर गेली होती, पण काहीतरी ठकठकत होतं.

"पाय आपटू नकोस रे!"

"डोळे फुटले का तुझे? पाय खुर्चीवर घेऊन बसलोय मी!"

खरंच की. बोटंही स्थिर होती. दोन ठोके, मग खंड, मग तीन घाईघाईत. वाद्याच्या पोकळ लाकडातून त्याचं हृदय ऐकू येत होतं.

मी आवाज आणखी वाढवला; ठोके तसेच अडखळत होते.

"एवफ्रोसिनी, वाजवू का?"

मी हेडफोन काढायला गेले, पण धीर होईना. परत लावल्यावर काहीच ऐकू आलं नाही तर?