नाव काढणारा

"काका, लोक इथे नाव काढायला येतात," शर्यतीच्या कचेरीतला सचिव म्हणाला, "आणि तुम्ही यादीतून नाव काढून टाका म्हणताय?"

घाटराज हसला नाही. सचिवाच्या मागच्या भिंतीवर आजवरच्या एकोणपन्नास विजेत्यांची नावं रंगवलेली होती. अठराव्या ओळीत त्याचं होतं.

"मी गाडी धरली होती," तो तिसऱ्यांदा म्हणाला. "घाटात. धुकं होतं. कुणी बघितलं नाही."

"कुणी बघितलं नाही तर पुरावा काय?"

"मी आहे की."

"तुम्ही आरोपी झालात. पुरावा वेगळा लागतो." सचिवाने नियमांचं पुस्तक त्याच्यापुढे सरकवलं. माणूस वाईट नव्हता, पण रविवारी पन्नासावी शर्यत इथूनच सुटणार होती आणि त्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. "हरकत घ्यायची मुदत दहा दिवस. तुम्ही बत्तीस वर्षांनी आलात. रविवारी बाकीच्या विजेत्यांबरोबर मंचावर या, काका. विजेत्याची निळी जर्सी तुमच्या मापाची शिवून घेतलीय."

तीन आठवड्यांची ती शर्यत. रोज एका गावाहून दुसऱ्या गावाला सायकल हाणायची, आणि शेवटी ज्याच्या वेळेची बेरीज सगळ्यांत कमी, तो जिंकला. बत्तीस वर्षांपूर्वी सतराव्या दिवशी मोठ्या घाटात त्याच्या पायांतलं बळ सरलं. पुढे एकच जण होता, ज्याला सगळे बुटका म्हणत. दुसऱ्या संघाचा, पण लहानपणापासूनचा जोडीदार. दोघं एकाच मैदानावर सायकल शिकलेले. धुक्यात हात-दोन हातांपलीकडचं दिसत नव्हतं. संघाची गाडी शेजारी आली, चालकाने खिडकीतून पाण्याची बाटली पुढे केली. घाटराजने बाटली धरली आणि सोडलीच नाही. मग बाटलीही नको झाली. त्याने सरळ गाडीच्या दाराची चौकट धरली आणि गाडीने त्याला ओढत नेलं. तीन किलोमीटर. माथ्यावर धुकं विरळ झालं तेव्हा तो बुटक्याच्या मागोमाग होता, आणि शेजारी गाडी नव्हती. शेवटी बेरजेत बुटक्याला अकरा सेकंदांनी मागे टाकून तो शर्यत जिंकला. 'घाटराज' हे नाव घाटातल्या त्या दिवशीच पडलं.

पुढच्या वर्षी त्याने शर्यती सोडल्या. लोक म्हणाले, शिखरावर असताना थांबला, शहाणा माणूस. त्याने मोठ्या इस्पितळाच्या तळघरात दुरुस्तीचं काम धरलं. चाकाच्या खुर्च्या, स्ट्रेचर, औषधांच्या गाड्या. बेअरिंग बदलायचं, वाकडी चाकं सरळ करायची. संघाच्या त्या गाडीचा चालक केव्हाच वारला होता. बायकोला त्याने एकदाच सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "झाकली मूठ राहू द्या." बत्तीस वर्षं राहिली. मग आठ महिन्यांपूर्वी बुटका जिन्यात छातीत कळ येऊन गेला, आणि त्या दिवसापासून घाटराजच्या घशाखाली घास उतरेना.

कचेरीतून तो वर्तमानपत्राच्या बातमीदाराकडे गेला. बातमीदाराने सगळं मन लावून ऐकलं, लिहूनही घेतलं. दुसऱ्या दिवशी छापून आलं: 'खरा विजेता माझा मित्रच, घाटराजचा मोठेपणा.' गाडीचा उल्लेखही नव्हता. तळघरात सहकाऱ्यांनी तो कागद दारावर चिकटवला. संध्याकाळपर्यंत सहा जणांनी त्याचा हात हातात घेतला. सातवा आला तेव्हा तो तोंड धुवायचं निमित्त करून निघून गेला आणि नळ सोडून नुसता उभा राहिला.

मग एकच दार उरलं.

बुटक्याची बायको शिवणकाम करायची. शनिवारी दुपारी तो गेला तेव्हा ती शाळेच्या गणवेशांना काजं करत बसली होती. खोलीभर राखाडी चड्ड्यांचे गठ्ठे. तिने एक गठ्ठा उचलून खुर्ची मोकळी केली.

"बसा, भावजी. वाचलं मी पेपरात. ह्यांना बरं वाटलं असतं."

"वहिनी, ते खरं नाही. म्हणजे खरं आहे, पण तसं नाही." आणि त्याने सगळं सांगितलं. धुकं, बाटली, चौकट, तीन किलोमीटर. 

तिने सुई कापडात टोचून ठेवली.  खाली रस्त्यावर उद्यासाठी अडथळे ओढत आणल्याचा खरखराट येत होता.

"हे शेवटपर्यंत मीटर वाचत फिरले," ती म्हणाली. "विजेचे. गुडघा गेलेला, तरी पाच-पाच मजले. कुणी ओळखून विचारलं, तुम्ही ती शर्यत हरला होतात ना, की म्हणायचे, हरलो खरा, पण कुणाशी हरलो ते विचारा. मग लोक आत बोलवायचे, पाणी द्यायचे. त्या एका वाक्यावर माणूस उभा होता, भावजी. आता तुम्ही म्हणता ते कुणाशी हरलेच नव्हते. मग ते एवढे जिने कशासाठी चढले?"

"तेच मला जगाला सांगायचंय. त्याचं त्याला मिळू दे."

"कुणाला?" ती म्हणाली. "ते कुठे आहेत?"

"म्हणून तर तुमच्याकडे आलो."

"ते असताना का नाही आलात? दोन गल्ल्या सोडून राहत होतात."

"धीर झाला नाही, वहिनी. रोज निघायचो. एकदा जिन्यापर्यंत आलो होतो. आतून त्याचा हसण्याचा आवाज आला आणि परत फिरलो."

"त्यांच्यासमोर धीर झाला नाही, माझ्यासमोर झाला." तिचा आवाज चढला नव्हता, पण त्याला धार आली होती. "तुम्हाला हलकं व्हायचंय. व्हा की. पण तुमचं ओझं माझ्या घरात आणून टाकू नका. मला ह्या भिंतींत राहायचंय."

"मी काय करू मग? तुम्ही सांगाल ते करतो."

तिने सुई पुन्हा हातात घेतली. दोरा निसटला होता. ओवायला तिला तीन प्रयत्न लागले. तो मदतीला सरसावला नाही. ते बरं दिसलं नसतं.

"उद्या मंचावर जा," ती म्हणाली. "ताठ उभे राहा. मी बघायला येणार आहे. ते कुणाशी हरले ते मला दिसलं पाहिजे. आणि आज जे बोललात ते पुन्हा कुणापुढे बोलू नका. मी असेपर्यंत तरी."

रविवारी सकाळी चौकात मुंगीला वाट नव्हती. हजर असलेले चौदा विजेते निळ्या जर्सीत ओळीने उभे होते. ध्वनिवर्धकावर त्याचं नाव पुकारलं गेलं, घाटातला तो दिवस वर्णन करून सांगितला गेला, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. घाटराजने हात वर केला. पाठ त्याने वाकू दिली नाही.

मंचावरून उतरला तेव्हा अडथळ्यापाशी ती उभी होती. नवी साडी, हातात पिशवी. शेजारी तिच्याच गल्लीतली एक बाई होती.

"हेच ते," ती त्या बाईला म्हणाली. "आमच्या ह्यांना ह्यांनी हरवलं होतं. भल्याभल्यांना जमलं नसतं."

ती बाई कौतुकाने बघत राहिली आणि तिने पर्समधून एक कागद काढून पुढे केला. "माझ्या नवऱ्याला दाखवीन. सही द्याल?"

त्याने वहिनीकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती, पापणी न हलवता.

लिहायला टेकू नव्हता, म्हणून त्याने कागद तळहातावर ठेवला. सावकाश, एकेक अक्षर जोडत पूर्ण नाव लिहिलं. त्या बाईने सांगितलं, म्हणून खाली 'विजेता' असंही लिहिलं, आणि कागद परत दिला.