सोमादादाच्या स्पीकरच्या पिना

अरे थांबा, सायखेड्याला सोमादादाकडे काय झालं ते सांगायचंच राहिलं ना. सोमादादा म्हणजे माझा मावसभाऊ, सोमनाथ. ओझरला एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता, डोळ्यांपायी सोडलं. डोळ्यातला पडदा सुकत जातो म्हणे. आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग कडेचं, मग हळूहळू सगळंच. नाशिकच्या डॉक्टरांनी सांगून टाकलेलं, गेलेलं परत येणार नाही. घरात चिमणामावशी आणि तो, दोघंच. आणि त्याचा सेट. अँप्लिफायर, टेपडेक, कमरेएवढे दोन स्पीकर. नोकरीला लागल्यावर एकेक वस्तू स्वतः ऐकून, पारखून घेतलेली.

आता गंमत बघा, मावशीची बाहेरची खोली मातीची. दर शनिवारी ती शेणानं सारवते. म्हणजे स्पीकरच्या वायरी काढायच्या, स्पीकर खाटेवर चढवायचे आणि जमीन सुकली की परत खाली. काढायचं, उचलायचं काम मावशीचं, वायरी लावायचं दादाचं. अँप्लिफायरच्या मागे एकेका स्पीकरसाठी फिरवायच्या दोन टोप्या असतात ना, लाल आणि काळी, त्यात वायरीचं सोललेलं टोक पीळ देऊन घालायचं आणि टोपी आवळायची. तर दिवाळीनंतर एकदा तांब्याची एक बारीक तार बाहेर राहिली, शेजारच्या टोपीला चिकटली आणि अँप्लिफायर बंद. दुरुस्त होऊन आला, पण दादाचं तोंड उतरलं ते उतरलंच. मयूरला, म्हणजे माझ्या भावाला, फोनवर म्हणाला, अजून एकदा बघतो, नाही जमलं तर सेट तू घेऊन जा. दुसऱ्यानं जोडून दिलेला मला ऐकायचा नाही.

मयूर म्हणाला, टोकांना पिना लावू. गेलो आम्ही नाशिकच्या एमजी रोडच्या मागच्या दुकानात. बनाना पिन माहितीये? मधे फुगीर असते, टोपीच्या मागच्या भोकात नुसती दाबायची, तार बाहेर राहायचा प्रश्नच नाही. त्यातही सरळ आणि काटकोनात वळलेली. दादाचा अँप्लिफायर कोनाड्यात भिंतीला टेकलेला, सरळ पिन भिंतीला अडली असती, म्हणून वळलेली घेतली. मी दुकानात डोळे मिटून लावून बघितली, लगेच बसली. मग रंग. एकीवर बारीकशी लाल रेघ होती, दुसरीचं अख्खं अंगच लालभडक. आम्ही लालभडकच घेतली, जोडीची काळी, कारण मावशी सगळ्यांना सांगायची, माझ्या सोमाला लाल दिसतो अजून, लाल लुगडं नेसले की लांबून वळखतो मला.

शनिवारी पोचलो. सारवून झालेलं, जमीन सुकलेली. मयूरनं वायरींना पिना बसवून दिल्या. दादा खिडकीच्या उजेडात मांडी घालून बसला. पिनेवरून बोट फिरवलं, भारी हाय म्हणाला. वरची टोपी लाल, खालची काळी, हे त्याला पाठ. मग दोन हातांत दोन पिना घेतल्या आणि थांबला. चाचपल्या. डोळ्यांजवळ नेल्या, उजेडाकडे धरल्या. मला वाटलं कौतुकानं बघतोय. अरे, दोन्ही पिना हाताला अगदी सारख्या होत्या, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मावशी दारात उभी होती, कोपरापर्यंत शेण सुकलेलं. तिनं विचारलं, "लाल कंची रे, सोमा?"

दादानं उजवा हात वर केला. त्या हातात काळी होती.

मयूर बोलायला गेला, मी त्याला चिमटा काढला. मावशी म्हणाली, "कधीपासून?"

"आखाजीपासून." म्हणजे अक्षय तृतीयेपासून, दिवाळीच्याही कितीतरी आधी.

"आन् वायरी कशा लावत व्हतास मंग?"

"लावायची कशी बी. उलटी लागली की आवाज पोकळ येतो, मंग बदलायची." मग खाली मान घालून म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू जेवली नसती."

मावशी आत गेली. हात धुतल्याचा आवाज आला, खूप वेळ येत राहिला. मयूर म्हणाला, दादा, आम्ही येत जाऊ ना शनिवारचे, बस तर आहे. दादा नाय म्हणाला. मग विचारलं, दुसऱ्या घाटाची पिन मिळती का? लालला हीच राहू दे. काळ्याला वेगळी आण, बोटाला कळंल अशी.

मिळाली. चपटी, पुढून इंग्रजी यूसारखी, टोपी सैल करून तिच्या खाली सरकवायची. दुकानदार म्हणत होता, असं कुणी लावत नाही, चारी टोकांना एकाच जातीची घ्या. मयूरनं काही समजावलं नाही, फक्त द्या म्हणाला.

पुढच्या शनिवारी परत सगळे तिथंच. मावशी उंबऱ्यावर बसली. लाल पिन पटकन गेली. चपटी मात्र टोपीखालून निसटली, परत निसटली. मावशीचा हात पुढे आला, मी बघितलं, आणि तिनं तो मागे घेऊन पदरात घट्ट धरला. चौथं टोक बसेपर्यंत आम्ही कुणी हललोही नाही. दादानं स्वतःच बटण दाबलं. आवाज आला. भरलेला, दोन्हीकडून.

आणि मग काय केलं असेल त्यानं? बंद केला, सगळ्या पिना उपसल्या आणि पहिल्यापासून परत लावल्या. आम्ही कुणी काही सांगितलेलं नसताना.

मावशीनं विचारलं, "सेट ऱ्हातोय ना मंग?"

"ऱ्हातोय."

"मंग पुढच्या शनवारी काढायच्या पन तूच. स्पीकर खाटेवर तूच ठेवायचे. मी हात लावनार नाय."

दादानं मान हलवली. मावशी त्याच्याकडेच बघत होती, डोळे पुसत नव्हती, लपवतही नव्हती. कशाला लपवेल आता.