गोळ्या फेकणारा नायक

प्रेमकादंबऱ्यांची मुद्रितं तपासण्यात धाकटीची वीस वर्षं गेली होती. मिठी कोणत्या प्रकरणात पडणार, हे ती मुखपृष्ठ बघूनच सांगायची. मूळ प्रत ती विरामचिन्हांसकट मोठ्यानं वाचायची आणि समोर बसलेला दादा मुद्रितावर पेन्सिल फिरवायचा. दादाला एकेकाळी भिंतींतून माणसं बोलताना ऐकू यायची. आता सकाळच्या दोन गोळ्या घेतल्या की भिंती गप्प बसत. चुका पकडण्यात मात्र त्याचा हात कुणी धरू शकत नसे.

या वेळचा नायक वेडा निघाला. म्हणजे देखणा, श्रीमंत आणि वेडा. नुसता वेडा लेखिकेच्या पचनी पडला नसावा. विसाव्या प्रकरणात नायिकेनं त्याला मिठी मारली आणि त्यानं गोळ्या नदीत भिरकावल्या. तीन वर्षांपूर्वी दादानं गोळ्या सोडल्या होत्या, तेव्हा त्याला शोधायला चार दिवस लागले होते. धाकटीनं तो परिच्छेद गाळून पुढचा वाचायला घेतला.

"थांब," दादा म्हणाला. "सात ओळी खाल्ल्यास."

"नजर चुकली."

"तुझी? काहीतरीच!" त्यानं स्वतःच वाचलं, "तिच्या स्पर्शानं स्वल्पविराम त्याचं वेड वितळून गेलं पूर्णविराम. असं होतं का गं?"

"गोळ्या फेकायचं मनातसुद्धा आणू नकोस हं, दादा!" धाकटीचा आवाज चढला.

"अगं, ओरडतेस काय? मी नदीचा नाही, त्या नायिकेचा विचार करतोय." तो भराभरा मागची पानं उलटू लागला. "एकोणीस प्रकरणं तो गोळ्या घेतोय आणि तरी हिला आवडतोय. मग लेखिकेनं शेवटी फेकायला कशाला लावल्या?"

वीस वर्षं धाकटी ऱ्हस्व-दीर्घ पकडत बसली आणि असा प्रश्न तिला एकदाही पडला नाही, याची तिला लाज वाटली.

"लेखिकेलाच विचार," ती म्हणाली.

दादानं पेन्सिलीला टोक काढलं आणि समासात नेटक्या अक्षरात लिहिलं: 'गोळ्या चालू ठेवल्या, तर नायिका नाही म्हणेल का? कृपया खुलासा व्हावा.'

मग तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "उत्तर आलं की मला सांग हं."